घासलेल्या बाजूच्या रेकॉर्डी, पाच रुपयाला एक

पऱ्हाटीचं_बोंड (आर्वी तालुका)

राजेहो, परवा माळ्यावरून एक खोकं उतरवलं. सरकीची पोती ठेवायला जागा पाहिजे होती, एवढंच कारण. आत ४१ रेकॉर्डी निघाल्या. पोती खाली अंगणात, बायको हाका मारून राहिली, आणि मी वर माळ्यावर मांडी घालून लेबलं वाचत बसलो.

यातल्या बहुतेक मी १९९३ ते १९९८ मध्ये घेतल्या. नव्या रेकॉर्डी घ्यायची आमची ऐपत नव्हती. तोवर नव्या निघणंही आटत आलं होतं, सगळा कॅसेटचा जमाना. मी घ्यायचो आठवडी बाजारात. जुनी कुलपं, सायकलचे पायंडल, स्टोव्हचे बर्नर, चष्म्याच्या काड्या असलं सामान ताडपत्रीवर मांडून एक जण बसायचा, त्याच्यापाशी. चुंगडीत भरून आणायचा आणि विटांसारख्या उभ्या लावून ठेवायचा. छोटी ईपी पाचला, मोठी एलपी दहाला. कव्हर नसलं तर तीनला. आणि "घेऊन जाय बाप्पा, माह्या पाठीवरचं वजन कमी कर" असं म्हणाला की फुकट.

आता खरी गोष्ट सांगतो. हा माल कुठला होता? लाउडस्पीकरवाल्यांचा. लग्न, बारसं, सप्ताह, निवडणूक, सगळीकडं वाजून वाजून जीव गेलेला. रेकॉर्ड उन्हात तिरपी धरली की कळायचं. चालणाऱ्या गाण्याच्या जागी खाचा राखाडी पडलेल्या, पावडर लावल्यासारख्या. पण उलटी केली की दुसरी बाजू काळीभोर! नव्या नवरीच्या केसांसारखी. तिकडं कोणी सुई टेकवलीच नव्हती, कारण मांडवात त्या गाण्यांची फर्माईशच नसायची.

म्हणून माझ्या वाट्याला सगळी न चाललेली गाणी आली. ज्या पिक्चरचं एक गाणं अख्ख्या जिल्ह्याला पाठ, त्याच पिक्चरचं चौथं गाणं मला पाठ. मित्रांत गप्पा निघाल्या की मी वेड्यासारखा दिसायचो. कोणाला माहीतच नसायचं मी काय गुणगुणतो ते. आजही एफएमवर ती हिट गाणी लागली की मला ती मूळ आवाजात खरखरीशिवाय ऐकली याचं नवल वाटतं.

कोणी केलं का हे? आणि एक विचारायचं आहे. यातल्या बहुतेक रेकॉर्डींच्या लेबलवर लाल नखपॉलिशचा एक टिपका आहे. तीस वर्षं झाली, मला त्याचा अर्थ लागला नाही.

बहिरमकर

आमच्याकडं हा बाजार म्हणजे बहिरमची यात्रा. पौषात परतवाडा–बैतूल रोडवर महिनाभर भरते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगितलं. बाकी लोक हंडीतलं मटन न् रोडगे खायला यायचे, मी जुन्या सामानाच्या पालांवर. थंडी अशी की रेकॉर्ड हातात घेतली तर बर्फाचा तवा वाटे. कव्वालीच्या एलपी जास्त मिळत. अचलपूरकडच्या घरांतून आलेल्या, कव्हरला वर्तमानपत्राचं अस्तर लावलेलं, जपून ठेवलेल्या. शंकर-शंभू, युसूफ आझाद, हबीब पेंटर यांना मी यात्रेतच पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही का, तर दहा रुपयांत दोन देतो म्हणाला म्हणून. नाव माहीत असून घेतली असती तर काय मजा!

तुमचं घासलेल्या बाजूचं एकदम बरोबर आहे. पण एलपीत तसं होत नाही हो. तिथं एकाच बाजूला पाच-सहा गाणी. एलपीत मधलाच पट्टा राखाडी, आजूबाजूला काळं. वावरात एवढीच जागा बैलानं तुडवल्यासारखी.

लोडशेडिंग

वाजवायचे कशावर?

पऱ्हाटीचं_बोंड

@लोडशेडिंग, एचएमव्हीची फिएस्टा होती, पेटीवजा, झाकणात स्पीकर असलेली. एका निवृत्त गुरुजींकडून कापसाच्या चुकाऱ्यातून घेतली. बॅटरीवरही चालायची, पण सेल घ्यायला पैसे कोण देणार, म्हणून लायनीवर. लाईन आमच्या गावची! ओलिताच्या मोटारी सुरू झाल्या की गायक रडायला लागायचा. लताबाईंचा आवाज हळूहळू पुरुषाचा व्हायचा. मग रात्री अकराच्या पुढं, मोटारी बंद झाल्या की ऐकायचं.

सुई उड्या मारायला लागली तर दांडीवर आठाणे चिकटवायचे. जास्तच उडाली तर रुपया. रेकॉर्डीचं वाटोळं होतं ते त्यानं, हे नंतर कळलं.

खवट_म्हातारा (मूर्तिजापूर)

आठाण्यांनी खाचा खरडल्या आणि दोष लाउडस्पीकरवाल्याला! छान.

थोडी माहिती, कारण तरुण मंडळी ईपी-एलपी एकाच पिशवीत टाकून राहिली. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, रेकॉर्ड लाखेची, जड, पडली की कवेलूसारखे तुकडे. ३३ ची (एलपी) आणि ४५ ची (ईपी) विनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, वाकते पण फुटत नाही. एलपी अमेरिकेत १९४८ साली आली, ४५ त्याच्या पुढच्या वर्षी. बाहेर ७८ केव्हाच बंद झाली तरी आपल्याकडं ती १९७० च्या आसपासपर्यंत निघत होती, कारण खेड्यापाड्यांत चाबीचा फोनो होता आणि त्याला वीज लागत नव्हती. छापायच्या दमदमला, कलकत्त्याजवळ. ७८ ला सुईचं टोक जाड लागतं, एलपीला बारीक. म्हणून त्या प्लेअरांत सुई फिरवायचा छोटा खटका असायचा. तो न फिरवता ७८ ची सुई एलपीवर घातली की झालंच कल्याण. तुमच्या त्या राखाडी खाचांपैकी निम्म्या अशाच गेल्या असतील.

आणि एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपीवर ईएएलपी लिहिलं असेल तर मोनो, ईएएसडी असेल तर स्टिरिओ. बाजारात दोन्हीची किंमत एकच, दहा रुपये. विकणाऱ्याला फरक माहीत नव्हता, मला होता. चाळीस वर्षांत मी एवढाच एक फायद्याचा धंदा केला.

वसंतराव देशपांडे आमच्या मूर्तिजापूरचे, इथंच जन्मले १९२० साली. त्यांची एक एलपी मला इथल्याच भंगारात, जुन्या बादलीखाली मिळाली. बादलीचं वर्तुळ अजून कव्हरवर आहे. घरच्या माणसाची काय किंमत असते ते यावरून समजा.

झाडीबोली (सडक अर्जुनी)

लाखेचा विषय निघाला म्हणून लिहितो. ती लाख कुठून यायची माहीत आहे का? पळसावरून, कुसुमावरून, बोरीवरून. बारके किडे फांदीवर थर देतात, तो खरवडायचा, गाळायचा. आमच्या गोंदिया–गडचिरोलीकडच्या जंगलात हे काम होत आलंय, माझी आजी फांद्या खरवडायची. एका काळी जगभरच्या रेकॉर्डींना लागणारी लाख जास्तीत जास्त भारतातूनच जायची. म्हणजे पळसाची लाख गेली, रेकॉर्ड होऊन आली, आणि आमच्याच गावच्या बाजारात ती पाच रुपयाला! आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणून तं फुटते. लाखेची बांगडी बी फुटते."

एक धोक्याची सूचना. लाखेची रेकॉर्ड स्पिरिटनं पुसू नका. लाख स्पिरिटात विरघळते. मी पुसली होती. चमक आली, आवाज गेला.

सोनचाफा_७

आमच्या घरी रेकॉर्डीचे कुंडे केले होते. गरम पाण्यात बुडवायची, वाटीवर उपडी टाकायची, झालर आली की झाला शोपीस. शोकेसमध्ये प्लास्टिकची फुलं घालून. भोकातून फूल खाली पडू नये म्हणून आईनं मेण लावलं होतं. आत्याच्या लग्नात आहेर आलेल्या रेकॉर्डी होत्या त्या. आत्या दरवर्षी दिवाळीला आली की एकेक कुंडा बघून कोणतं गाणं होतं ते सांगायची.

बहिरमकर

@सोनचाफा_७ 😔

उन्हाळी_वारा (वरोरा)

कुंडे मुद्दाम कशाला करायचे, आमच्याकडं आपोआप व्हायचे. मे महिन्यात टिनाच्या पत्र्याखाली ४६-४७ अंश. बाजारवाल्याच्या चुंगडीतली वरची रेकॉर्ड पापड झालेली असायची, सुई तिच्यावर डोंगर चढायची-उतरायची. म्हणून माझा नियम होता. खरेदी दिवाळी ते होळी, होळीनंतर हात लावायचा नाही. वाकलेली असेल तर दोन काचांमध्ये घालून वर गव्हाची कोठी ठेवा, पंधरा दिवस. सरळ होते. अगदी सरळ नाही, पण सुई पडत नाही.

नागपूरला सीताबर्डीत एका दुकानानं माल संपवायला फूटपाथवर खोकं ठेवलं होतं, "कोणतीही दहा रुपये". मी तिथं दुपारभर बसलो. दुकानदारानं मला खुर्ची आणून दिली, शेवटी चहाही. सतरा घेतल्या. परतीच्या एसटीत सगळ्या मांडीवर, उभ्या, कारण आडव्या ठेवल्या तर खालची दबेल. कंडक्टर म्हणे, काचा नेता का? म्हटलं, हो.

निळी_पाखरं (हिंगणघाट)

सगळे आठवणीत रमले, म्हणून जरा वेगळं. आमच्या वस्तीत रेकॉर्ड म्हणजे कोणाच्या घरातली वस्तू नव्हतीच. प्लेअर वाड्यात. वाड्याच्या भिंतीबाहेर नालीच्या काठावर उभं राहून जे ऐकू येईल ते ऐकायचं. कोणती बाजू लावायची हे ठरवणं आमच्या हातात कधी नव्हतं. त्यामुळं "दुसरी बाजू" वगैरे वाचताना मला थोडं हसू आलं. राग नाही.

आमच्या हातात ते आलं १४ एप्रिलला. वर्गणी काढून भोंगा भाड्यानं आणायचा आणि दिवसभर आमची गाणी. प्रल्हाद शिंद्यांचा आवाज पहाटे पहिल्यांदा भोंग्यातून निघाला की म्हाताऱ्या बाया दारात येऊन उभ्या राहायच्या. तो भोंगेवाला दरवर्षी त्याच चार रेकॉर्डी आणायचा. एक वर्ष त्यातली एक नव्हती. म्हणाला, विकली. माझे वडील त्याच्याशी भांडले, आणि पुढच्या आठवड्यात बाजारात जाऊन शोधत बसले. सापडली? नाही. पण त्या शोधात दुसऱ्या अकरा आणल्या. प्लेअर आम्ही चार वर्षांनी घेतला.

पऱ्हाटीचं_बोंड

@निळी_पाखरं, बरोबर बोललात. आमच्या घरी फिएस्टा आली तेव्हा बाहेर ओट्यावर कोण कोण यायचं आणि कोण यायचं नाही, ते मला आता तुमचं वाचून आठवलं. तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

ते वडिलांचं वाचून बसलो थोडा वेळ. अकरांमध्ये काय काय होतं?

निळी_पाखरं

एक इंग्रजी बोलायला शिकवणारी. एक भजनाची. एक पॉलिडोर कंपनीची शोलेच्या संवादांची एलपी, ती मात्र खास निघाली. गाणी नाहीत, नुसते संवाद, आणि अख्खी वस्ती पाठ करून बसली. उरलेल्या कशाच्या ते सांगत नाही, वडील अजून त्या लावतात.

मेहकरी

आमच्या मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे. त्यांची ‘शीळ’ जी. एन. जोशींनी गायली आणि तिची ७८ ची रेकॉर्ड १९३० च्या दशकात निघाली. मराठी भावगीताचा इतिहास लिहिणारे बरेच जण तिथून सुरुवात करतात. ते जोशी पुढं एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाचे अधिकारी झाले. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात बसून लिहिलेली कविता तबकडीवर चढून गावोगाव गेली, आणि मला ती मूळ तबकडी मेहकरात, खामगावात, मलकापुरात, कुठंच मिळाली नाही. तीस वर्षं भंगारवाले मला बघून आधीच मान हलवतात. कोणाच्या माळ्यावर असेल तर विकत मागत नाही, फक्त हातात घेऊन पाहू द्या.

खवट_म्हातारा

@मेहकरी, माझ्याकडं होती. होती.

मेहकरी

पुढं?

खवट_म्हातारा

नातू. वय तीन. कवेलू.

लोडशेडिंग

आता ह्या रेकॉर्डी ऑनलाइन हजार-दोन हजाराला जातात म्हणे. तुम्ही लोक करोडपती झालात की.

उन्हाळी_वारा

@लोडशेडिंग, कव्हर धड आणि खाचा काळ्या असल्या तर जातात. आमच्या रेकॉर्डींवर नवरदेवाच्या भावाचा अंगठा, हळद आणि मठ्ठ्याचे डाग आहेत. कोण घेते?

भोंगेवाल्याचा_पोरगा

हा धागा माह्या पुतण्यानं दाखवला. मी इथं नवीन आहे, लिहायला वेळ लागते, सांभाळून घ्या.

माहे बाबा १९६८ पासून लाउडस्पीकर चालवत. दोन भोंगे, एक अॅम्प्लिफायर, मोटारीची बॅटरी आणि रेकॉर्डीची लोखंडी पेटी, सगळं बंडीवर. मी नऊ वर्षांचा असल्यापासून संगं जायचो. माहं काम कडुलिंबावर चढून भोंगा बांधणं.

नखपॉलिशचा टिपका म्हणजे हे. मांडवात रात्री लेबल दिसत नाही. गॅसबत्ती वऱ्हाडी मंडळीकडं, आम्ही कोपऱ्यात अंधारात. त्यात फर्माईश येते, "ते लाव रे, लवकर!" म्हणून जी बाजू चालते तिच्या लेबलवर टिपका. बोटानं चाचपला की खरबरीत लागते. डोळे मिटून लावता येते. आमच्या आईची नखपॉलिशची बाटली पेटीतच राहायची, तिनं नखाला कधी लावली ते आठवत नाही. आमच्या भागात सगळेच भोंगेवाले हे करत. म्हणून पऱ्हाटीचं बोंड भाऊ, टिपक्याची बाजू राखाडी असेल, बिनटिपक्याची काळी. पाहून घ्या.

आणि तुम्ही लोक पाच रुपयाला घेतल्या म्हणता. आम्ही विकल्या किलोनं. १९९१ च्या आसपास कॅसेट डेक घेतला, तो बॅटरी कमी खाते, सुई लागत नाही, बंडीवर हादरा बसला तरी चालते. बाबांनी पेटी उघडली, लाखेच्या वेगळ्या केल्या. त्या भंगारवाला घेईना, प्लास्टिकवाल्याच्या कामाच्या नाहीत म्हणे. प्लास्टिकच्या तोलल्या. बाबा रडले वगैरे नाहीत. तोलताना काट्यावर लक्ष ठेवून होते, कारण तो भंगारवाला काटा मारायचा.

रडायला आलं ते दुसऱ्याच दिवशी, लग्न होतं तेव्हा. हात सवयीनं टिपका शोधत होता आणि कॅसेट सगळ्या सारख्या गुळगुळीत.

बहिरमकर

भाऊ, जोरदार लिहिलं. लिहीत जा.

पऱ्हाटीचं_बोंड

तीस वर्षांनी उत्तर मिळालं. रात्री सगळ्या ४१ काढून बसलो. टिपका ३३ वर आहे, आणि टिपक्याची बाजू राखाडी, अगदी भाऊ म्हणाले तशी. ७ बिनटिपक्याच्या, त्या बहुधा घरातल्या असाव्यात, नाहीतर सीताबर्डीच्या खोक्यासारख्या दुकानातल्या.

पण एक वेगळी आहे. ईपी, आणि एकाच बाजूला दोन टिपके, शेजारी शेजारी. ती बाजू फारशी घासलेलीही नाही.

भोंगेवाल्याचा_पोरगा

दोन टिपके म्हणजे मागून आणलेली. आपली नाही, परत करायची. मोठं लग्न असलं, फर्माईश आधीच आलेली असली, आणि ती रेकॉर्ड आपल्या पेटीत नसली, तर दुसऱ्या भोंगेवाल्याकडून आणायची. दोन टिपके द्यायचे म्हणजे आपल्यात मिसळत नाही. भोकाजवळ सुईनं अक्षर कोरलेलं असेल, कोणाची त्याचं. उजेडात पहा.

पऱ्हाटीचं_बोंड

आहे! ‘पु’ दिसते. बारीक आहे पण ‘पु’च.

भोंगेवाल्याचा_पोरगा

पुलगाव. आर्वी–पुलगावच्या छोट्या गाडीनं यायच्या-जायच्या ह्या रेकॉर्डी, गार्डाच्या हाती द्यायच्या. पुलगावच्या एका भोंगेवाल्याशी बाबांचं देणंघेणं होतं. तुमच्याकडची आमच्याच पेटीतली का ते सांगता येत नाही, पण असू शकते. लेबलवरचं गाणं कळवा, बाबांना विचारतो. त्यांना आता कमी ऐकू येते, भोंग्याखाली बसून बसून. मोठ्यानं विचारावं लागेल.

पऱ्हाटीचं_बोंड

फोटो निरोपात पाठवला आहे. तुमचीच असेल तर परत करायची तयारी आहे. पुलगावला न्यायची असेल तर तिथं नेऊन देतो.

मेहकरी

हे वाचायला मी रात्री साडेबाराला जागा आहे.

भोंगेवाल्याचा_पोरगा

बाबांना दाखवला. चष्मा लावून पाहिला, मोबाइल उलटा-सुलटा केला. आमच्याच पेटीतली आहे म्हणतात. १९८४ चं लग्न होतं, त्यासाठी आणली, द्यायची राहून गेली. तो पुलगाववाला तर केव्हाच वारला. त्याच्या घरी आता डीजे आहे, प्लेअर नाही.

मी म्हटलं, बाबा, ते भाऊ परत द्यायला तयार आहेत, काय करायचं? तर बाबा म्हणाले, "काही नाही करायचं. त्याच्याकडं माह्या तीन होत्या."